दुर्बिणीचं जुळलं

वस्तू आपापसांत बोलत, पण माणसांना ते ऐकू येत नसे, त्या काळची ही गोष्ट. दौलत शिकाऱ्याने आपल्या जुन्या छर्‍याच्या बंदुकीवर नवी दुर्बीण बसवली. बंदूक पडली अबोल, त्यामुळे दुर्बिणीला करमेना. दूरचं सगळं तिला जवळ दिसे, पण जवळ कुणी येत नसे. फक्त समोरच्या बांधावर रोज सकाळी एक फाटक्या कानाचा ससा येई. दौलत नेम धरी, छर्रा चार बोटं डावीकडून जाई आणि ससा पळून जाई. दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर! दुर्बिणीला वाटे, हा आपल्यालाच भेटायला येतो.

एकदा बंदूक म्हणाली, "तू बघतेस तिथं माझा छर्रा जात नाही. आपलं अजून जुळलं नाही."

"मग जुळू दे की!" दुर्बीण हरखून म्हणाली. तिला सोबत हवी होती.

त्या दुपारी दौलतने तीस पावलांवर खापरी ठेवली. एकेक छर्रा मारायचा आणि दुर्बिणीचा स्क्रू जरासा फिरवायचा, असं बराच वेळ चाललं. अखेर खापरी फुटली. "जुळलं!" दौलत ओरडला.

सकाळी ससा आला. दुर्बिणीने त्याला डोळा भरून पाहिलं. बंदूक वाजली. धक्क्याने दुर्बिणीची नजर आभाळाला लागली, आणि ती खाली आली तेव्हा बांधावर कुणी नव्हतं.

चार दिवस तिने वाट पाहिली. मग विचारलं, "अगं, तो आता का येत नाही?"

बंदूक हळूच म्हणाली,

"आपलं जुळलं ना, बाई."