वेणू नावाची कळशी

भांड्यांच्या त्या राज्यात प्रत्येकाला दोन नावं होती. एक सामान्यनाम, सारख्या सगळ्या भांड्यांत मिळून एकच; दुसरं विशेषनाम, पोटावर कोरलेलं, ज्याचं त्याचं. पहिलं कामाला बोलवायला, दुसरं घरी न्यायला. फरक तो काय एवढासा, पण तोही कुणाच्या लक्षात राहीना.

तिथली रीत अशी, की पंगत कुठेही असो, राबायला सगळ्या घरची भांडी जायची. खरकटं निघालं की कोरलेली नावं अंगणात पुकारत, आणि जो तो आपापल्या घरी जाई. पुढे कारभार एका मोठ्या पातेल्याकडे आला. त्याला या पुकाऱ्याचा कंटाळा. "कळशी म्हणजे कळशी. एवढे लाड कशाला?" ते म्हणालं. त्याच्या हाताखालच्या झाऱ्याने मान डोलावली. तेव्हापासून हाताला लागेल ती कळशी कुठल्याही घरी जाऊ लागली.

त्यात एक वेणू होती. घरी घडवंचीवर तिच्या तोंडावर दगडू नावाचं फुलपात्र पालथं बसायचं. आता ती परक्या घरांचं पाणी वाहून वाहून दमली. राखेने घासून तिची अक्षरं गेली. आधी घरची फार आठवण यायची. मग हाक आली की उठायचं, एवढंच उरलं. शेवटी बूड झिजलं आणि तिला मोडीच्या ढिगात टाकलं. सकाळी तो ढीग वितळवायला न्यायला तांबट येणार होता.

दगडू शोधत शोधत तिथे आला.

"कळशी हवी ना? उचल कुठलीही," पातेलं म्हणालं. "नवीसुद्धा आहे."

"नवी नको. आमची वेणू हवीय."

"मग ओळख बाबा. कुणाच्याच पोटावर काही राहिलेलं नाही."

दगडू तिच्या नावाने हाका मारत राहिला. ढिगाच्या तळाशी वेणूला वाटलं, हे नाव कुठेतरी ऐकलंय. मग तिला रडू आलं, तेव्हा कळलं की ते नाव आपलंच आहे.

"आले रे, थांब जरा," ती म्हणाली. "अंगात त्राण नाही बघ."

दगडू तिच्या तोंडावर पालथा बसला. नेमका बसला. दोघं हळूहळू घरच्या वाटेला लागली.

पातेलं बराच वेळ त्या वाटेकडे बघत राहिलं. मग झाऱ्याला हळूच म्हणालं, "माझ्या पोटावर बघ रे, काही कोरलंय का."

झारा वाकला. पोटावरून चाचपत त्याने एक फेरा पुरा केला, आणि पुन्हा पहिल्यापासून चाचपू लागला.