पुढे कोण, मागे कोण

एका सागाच्या जंगलात उन्हाळा लागला की सगळे ओढे आटत आणि पाणी फक्त एका डोहात उरे. त्या डोहाच्या आसऱ्याने एक ससा, एक हरिणी, एक रानडुक्कर, एक साळिंदर आणि एक वानर आपापल्या गोतावळ्यासह राहत असत. एका वर्षी डोहाकाठच्या घाणेरीच्या झुडपांत एक बिबट्या येऊन दबा धरू लागला. पाणी प्यायला वाकलेली पिल्ले त्याने उचलली, तेव्हा सर्वांनी मिळून ठरवले की संध्याकाळी जनावरे पाण्यावर उतरली की या पाचांपैकी दोघांनी पहारा द्यायचा. एकाने झुडपांना लागून असलेल्या खडकावर पुढे उभे राहायचे, म्हणजे बिबट्याची चाहूल आधी लागेल. दुसऱ्याने मागच्या टेकाडावर थांबायचे आणि खडकावरून इशारा आला की सर्वांना पळवायचे.

पाळ्या लावण्याचे काम कोल्ह्याकडे गेले. त्याला मोजता येत असे, आणि आपल्याला मोजता येते हे तो कुणाला विसरू देत नसे. तो स्वतः मात्र पहाऱ्यात नव्हता. मोजणाऱ्यानेच पहारा दिला तर मोजायचे कोणी, असे त्याचे म्हणणे. त्याने मातीत रेघा ओढल्या. पहिल्या प्राण्याच्या इतर चौघांशी चार जोड्या होतात, दुसऱ्याच्या नव्या तीन, तिसऱ्याच्या दोन आणि चौथ्याची एक. एकूण दहा जोड्या. प्रत्येक जोडी एकदा उभी राहिली की फेरी पुरी, आणि त्या फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला चारच पाळ्या. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. सर्वांना ते पटले. सशालाही पटले.

पण मुलांनो, जोडीतल्या कोणी पुढे जायचे आणि कोणी मागे, हे त्या दिवशी कुणी विचारलेच नाही. ते रोज आयत्या वेळी ठरू लागले. रानडुकराला पुढे जा म्हटले की ते गुरगुरे. साळिंदर काटे उभारून गप्प बसे. वानर इतका आरडाओरडा करी की कोल्ह्याला नको होई. हरिणीला एक पाडस होते; ती त्याच्याकडे बघे आणि तिला कोणी काही म्हणत नसे. ससा नको म्हणायला शिकलेला नव्हता. पहिल्या पाळीला तो पुढे गेला, दुसऱ्या पाळीला गेला, आणि त्यानंतर त्याला कोणी विचारीनासे झाले. ससा जोडीत असला की खडकावर ससा, हे जणू ठरूनच गेले.

फेरी संपली. बिबट्या त्या दिवसांत दुसरीकडे गेला असावा, कारण ससा जिवंत राहिला. मात्र त्याचे खाणे सुटले. हरिणी आणि तो दुपारी एकाच करंजाच्या सावलीत बसत. तिथे त्याने दोन खडे घेतले, एक काळा आणि एक पांढरा. काळा पुढे, पांढरा मागे ठेवला. मग त्यांची अदलाबदल केली आणि हरिणीला विचारले, "ताई, हे दोन्ही सारखंच का?"

हरिणी म्हणाली, खडे तेच आहेत.

"खडे तेच आहेत, पण बिबट्या पुढच्याला उचलतो," ससा म्हणाला. मग त्याने तिला सगळे समजावून सांगितले. खडकावर पाचांपैकी कोणीही उभा राहू शकतो. तो उभा राहिला की टेकाडासाठी उरलेल्या चौघांपैकी कोणीही. पाच चोक वीस. जोड्या दहा असल्या तरी उभे राहण्याच्या तऱ्हा वीस होतात, कारण प्रत्येक जोडी दोन प्रकारे उभी राहते. या विसाही तऱ्हा एकेकदा झाल्या तर प्रत्येक जण चार वेळा पुढे आणि चार वेळा मागे येईल. कोल्ह्याने जोड्या मोजल्या, जागा मोजल्याच नाहीत. हरिणीला ते लगेच समजले. तिला हेही समजले की अख्ख्या फेरीत ती स्वतः एकदाही खडकावर गेलेली नव्हती.

"मी उद्या बैठकीत सांगणार आहे," ससा म्हणाला. "माझं कोण ऐकतंय? पण तू हो म्हणालीस तर ऐकतील."

हरिणीने होकारार्थी मान हलवली.

बैठकीत ससा बोलला. विसाचा आकडा ऐकताच वानराने कपाळाला हात लावला. एवढ्या पाळ्या कोण करणार, असे साळिंदर पुटपुटले. पाळ्या वाढत नाहीत, फेरी लांबते एवढेच, रोज पहाऱ्याला दोघेच असतील, असे ससा सांगू लागला. पण तोवर रानडुक्कर उठून उभे राहिले होते. कोल्हा शांत होता. त्याने विचारले की कुणाला चारपेक्षा जास्त पाळ्या आल्या आहेत का. कुणालाच आल्या नव्हत्या. सशाला किती आल्या? चार. मग अन्याय कुठे झाला?

सशाने हरिणीकडे पाहिले. कोल्ह्यानेही पाहिले, आणि तुला यात काही चूक दिसते का, असे तिला विचारले. पाडस तिच्या पोटाला बिलगून उभे होते. हरिणीने त्याला चाटले आणि ती म्हणाली, "माझ्या चार पाळ्या झाल्या. त्याच्याही चारच झाल्या."

यात खोटे काहीच नव्हते. बैठक मोडली.

नवी फेरी सुरू झाली, तेव्हा पहिलीच जोडी ससा आणि हरिणी यांची निघाली. ससा तिच्याशी काही न बोलता खडकावर गेला. हरिणी टेकाडावर उभी राहिली. जनावरे पाण्यावर वाकली होती, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होते. झुडपांत पिवळे काहीतरी हलले. सशाला पळता आले असते. पण आधी त्याने मागचे पाय खडकावर आपटले, पुन्हा आपटले, आणि तो आवाज टेकाडापर्यंत पोचेपर्यंत तो तिथेच राहिला. हरिणीने हाक दिली. सगळी जनावरे पळाली, एकालाही खरचटले नाही. खडकावर नंतर थोडी लव आणि रक्त सापडले. वानर हळहळला, साळिंदराने ससा फार भला होता असे सांगितले, आणि मग कोल्ह्याने जुन्या रेघा पुसून नव्या ओढल्या. आता चार प्राणी, म्हणजे जोड्या सहा. प्रत्येकाला तीनच पाळ्या. त्यांच्या वाट्याची एकेक पाळी कमी झाली, हे ऐकून रानडुकराला बरे वाटले आणि त्याने ते लपवले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रानडुक्कर आणि हरिणी यांची जोडी होती. खडक रिकामा होता. रानडुक्कर टेकाडावर जाऊन उभेही राहिले. कोल्हा हरिणीला म्हणाला की पाडस आता मोठे झाले आहे. हरिणी घाईघाईने बोलू लागली. जोड्या सहा असल्या तरी तऱ्हा बारा आहेत, प्रत्येकाने तीन वेळा पुढे आणि तीन वेळा मागे उभे राहायला हवे, नाहीतर मोजणे खरे नाही. तिने सगळे अगदी बिनचूक सांगितले.

"हे ससाही म्हणाला होता," कोल्हा म्हणाला. "तेव्हा तुला तुमच्या पाळ्या सारख्या वाटल्या होत्या."

हरिणीने एकेकाकडे पाहिले. साळिंदराला गणित कळले होते, वानरालाही कळले होते; ते दोघे पाणी पिऊ लागले. तिने पाडसाला टेकाडामागे पाठवले आणि ती खडकाकडे चालू लागली.

तात्पर्य : पाळ्या सारख्या दिल्या म्हणजे न्याय झाला असे नाही, कोण कोणत्या जागी उभा राहतो, तेही मोजावे लागते. आणि चुकीचा हिशोब ज्याला कळतो, त्याने तो आपल्या सोयीचा असतानाच बोलून दाखवावा. गैरसोयीचा झाल्यावर ऐकणारा उरत नाही.