दोन टाळ्यांच्या मधलं

“...म्हणजे एकही आकडा खोटा नाही ना, सर? मग सही करायला काय हरकत आहे?”

सौमित्र खोत ओटीवर उभा राहून विचारत होता. पायांत बूट तसेच. हातात कंपनीचा कागद.

हळबे सर खाली चटईवर बसले होते. त्यांनी कागद पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“बस आधी,” ते म्हणाले. “बूट काढ. आक्काची ओटी सारवलेली आहे.”

हळबे सर म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात चौतीस वर्षं कॉम्प्युटरच्या पोरांना गणित शिकवलेला माणूस. कसलं गणित? तर चालत्या गोष्टीला पकडायचं गणित. वारा, पाणी, ताप, वेग, हे सगळं सलग वाहतं. यंत्राला सलग काही कळत नाही, त्याला ठिपके द्यावे लागतात. मग ठिपक्याला ठिपका जोडून रेघ आपण ओढायची. बायका अंगणात रांगोळी काढतात तसंच. फक्त त्याच ठिपक्यांतून एकीचं कमळ होतं नि दुसरीचं कासव, हे बायकांना ठाऊक असतं.

सौमित्र त्यांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. देवीच्या डोंगरावर तारेवरचा पाळणा, म्हणजे रोपवे, बसवला, तेव्हा तो सांभाळणारा प्रोग्राम त्यानेच लिहिला. पाळणा किती झुलतो ते यंत्र मोजायचं आणि मर्यादेबाहेर गेला की आपोआप थांबवायचं.

बावीस दिवसांमागे तो थांबला नाही. वाऱ्याने झुलत जाऊन मधल्या खांबावर आदळला. आत शेवंता माळीण होती, देवीचे हार घेऊन रोज पहिल्या खेपेला वर जाणारी. ती गेली.

पाळण्याच्या खालच्या थांब्यावर कळ दाबणारा धाकू गुरव तेव्हापासून कोठडीत होता. उद्या चौकशी. कागदावर लिहिलं होतं, की यंत्राची सर्व मोजमापं तपासली, सर्व अचूक आहेत. खाली हळबे सरांची सही झाली की यंत्र सुटत होतं, सौमित्र सुटत होता. उरत होता धाकू.

“धाकू काय म्हणतो?” सरांनी विचारलं.

“तो काहीही म्हणेल, सर. सातवी शिकलाय.”

“तरी?”

“म्हणतो, मला फोन केला होता. साहेब, पाळणा झुलतोय, थांबवू का.”

“केला होता?”

सौमित्रने बूट काढले. एक काढला, दुसरा काढायला फार वेळ लावला.

“...केला होता. पण त्याची नोंद कुठे नाही.”

“तू काय सांगितलंस?”

“मी पडदा बघितला. पाळणा सरळ दाखवत होता. एकदा नाही, सलग वीस मोजमापं. मी म्हटलं, डोळ्यांवर जाऊ नकोस धाकू, पडद्यावर सरळ आहे, चालू ठेव.” तो थांबला. मग एकदम मान वर करून म्हणाला, “हे तुम्हीच शिकवलंत, सर. पहिल्या तासाला. डोळा फसतो, आकडा फसत नाही.”



आत आक्का, सरांची थोरली बहीण, भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

“हो,” सर म्हणाले. “मीच शिकवलं. आणि शंभरातले अठ्ठ्याण्णव दिले तुला. दोन कशाचे कापले होते, आठवतं?”

“नाही.”

“मलाही आठवत नाही.”

सर उठले. ओटीच्या आढ्याला शिंकं टांगलेलं होतं, त्यात ताकाचं मोठं मडकं. त्याच्या एका अंगाला, दोन हातांवर, ओटीचा लाकडी खांब.

“इकडे ये. मडक्यासमोर उभा राहा. डोळे मीट. मी टाळी वाजवली की उघडायचे, मडकं कुठे आहे ते सांगायचं, पुन्हा मिटायचे.”

“सर, माझ्याकडे वेळ...”

“उद्यापर्यंत आहे की. मीट.”

सौमित्रने डोळे मिटले. कॉलेजातही तो असाच उभा राहायचा, फळ्यापाशी, ओठ दाबून.

टाळी.

“कुठे आहे?”

“मधोमध.”

टाळी.

“मधोमध.”

टाळी.

“मधेच आहे, सर. जिथल्या तिथे.”

आक्का दारात आली. तिने बघितलं आणि तोंडाला पदर लावला. सर तिच्याकडे बघून नुसते मान हलवत राहिले.

बारा टाळ्या झाल्या. बारा वेळा मधोमध.

“काय अनुमान?”

“स्थिर आहे.”

“नक्की?”

“बारा निरीक्षणं, सर. एकातही फरक नाही.”

“बरं. मग डोळे मिटूनच तसाच बाजूला सरक. हाताला खांब लागेल. त्याला पाठ टेकून मडक्याकडे तोंड कर.”

सौमित्र चाचपडत सरकला. वळून पाठ टेकली.

मडकं आलं आणि त्याच्या कपाळावर बसलं.

“अगं आई गं!” हे सौमित्र नाही, आक्का ओरडली. “रघू, अरे पोराचं डोकं फोडशील! आणि माझं ताक!”

मडकं फुटलं नाही. ताक मात्र हिंदकळून सौमित्रच्या तोंडावर, सदऱ्यावर, सारवलेल्या जमिनीवर गेलं. तो कपाळ धरून खाली बसला. समोर शिंकं झुलत होतं, भलेमोठे झोके घेत, या अंगापासून त्या अंगापर्यंत.

“तुम्ही मुद्दाम झोका दिलात...” त्याला दम लागला होता. “ते मधे आलं की नेमकी टाळी वाजवत होतात.”

“हो. मी मुद्दाम वाजवली. वाऱ्याने मुद्दाम केलं नसेल.”

आक्काने ओलं फडकं आणून सौमित्रच्या कपाळावर दाबलं. “धर. मास्तरकी सुटली तरी छडी सुटत नाही याची,” ती पुटपुटली आणि तिथेच बसली.

“मोजमाप किती वेळाने घेत होतास?” सरांनी विचारलं.

“...सहा सेकंदांनी.”

“आणि पाळण्याला एक झोका घ्यायला, जाऊन परत यायला, किती लागतात?”

सौमित्रने फडकं कपाळावर आणखी दाबलं.

“सौमित्र.”

“सहा. सहाच्या आसपास.”

“सहा कुणी ठरवले?”

“आधी दर सेकंदाला घेत होतो, सर. शपथ. पण यंत्र अडखळायचं, पडदा मागे राहायचा. आणि यात्रेआधी उद्घाटन व्हायचं होतं. मग मी सहा केले. पण आंधळेपणाने नाही केले! एकाची उत्तरं आणि सहाची उत्तरं समोरासमोर ठेवून ताडली. दोन दिवस. तंतोतंत जुळली.”

“कुठल्या दोन दिवशी?”

आता बघा, हुशार माणूस अडकतो तो असा. मूर्खाने ताडून बघितलंच नसतं. याने बघितलं, नीट वहीत मांडून बघितलं, आणि म्हणूनच त्याला रात्री झोप लागली.

“...वारा पडलेला होता,” सौमित्र म्हणाला. “पाळणा हलतच नव्हता.”

 शिंक्याचा झोका लहान होत गेला. होता होता थांबला.

“धाकू सातवी शिकलाय,” सर म्हणाले. “पण तो सलग बघत होता.”

“मला माहीत आहे.”

“मग उद्या हेच सांग. सहा सेकंद सांग. फोन सांग.”

“सांगितलं तर मी संपलो, सर. नोकरी जाईल, खटला होईल. मुलगी पाच महिन्यांची आहे माझी.” त्याने कागदाकडे बघितलं. “धाकूचं काय, तो एकटा आहे. चार-दोन वर्षांनी सुटेल. मी म्हणतो, कंपनी त्याला काहीतरी देईलही नंतर.”

आक्काने फडकं त्याच्या कपाळावरून काढून घेतलं. पुन्हा ठेवलं नाही.

सरांनी कागद उचलला. त्यावर ताक सांडलं होतं, अक्षरं मात्र तशीच होती. खिशातलं पेन काढलं. सौमित्र श्वास धरून बघत राहिला.

“सही करतो,” सर म्हणाले. “आकडे खरे आहेत. पण खाली चार ओळी मी माझ्या लिहिणार. दर सहा सेकंदांनी मोजलं, वारा नसताना तपासलं, सलग बघणाऱ्याने सांगितलं ते ऐकलं नाही. आणि हे ज्याने करायचं शिकवलं तो मी, असंही.”

“असा कागद मला नको.”

“मग सही नाही.”

सौमित्र उठला. सदऱ्यावरचं ताक झटकलं, ते आणखी पसरलं. कागद सरांच्या हातातून ओढून घेतला, घडी घातली. ओल्या कागदाची घडी नीट बसेना.

“पुण्यात दहा प्राध्यापक आहेत सही करणारे. तुमच्यापेक्षा मोठे.”

“असतील.”

“तुमचं नाव हवं होतं म्हणून आलो होतो. तुम्हाला मानतो म्हणून.”

“ते दिसलं.”

त्याला पुण्यातली सही मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत मिळाली. धाकू गुरव साडेतीन वर्षं आत गेला आणि पाळणा श्रावणात पुन्हा सुरू झाला, शेवंताच्या जागी तिची जाऊ हार घेऊन बसू लागली. हे सगळं पुढे झालं. त्या सकाळी मात्र सौमित्र बूट घालून पायरीवर थांबला होता. जावंसंही वाटेना आणि वळावंसंही वाटेना, अशा माणसासारखा.

“सर,” तो पाठमोराच म्हणाला, “एवढं तरी सांगा. मी आता जगायचं कसं?”

हळबे सर जमिनीवरचं ताक पुसत होते. आक्काच्या हातून फडकं त्यांनी कधी घेतलं होतं कोण जाणे. त्यांनी मान वर केली नाही.

“सोपं आहे. टाळ्यांच्या मधे कधी डोळे उघडू नकोस.”