शंभरात चौऱ्याण्णव

“म्हणजे माझी चूक नाही ना, मेमे?”

रिंचेननं हे तिसऱ्यांदा विचारलं. मेमे गुरमेत चुलीशी बसून अक्रोड फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

लडाखात आजोबांना मेमे म्हणतात, आणि हे मेमे साऱ्या गावाचे. तरुणपणी ते फौजेच्या आइस हॉकी संघाचे गोलकीपर होते. बायको गेली तशी त्यांनी भिक्षूची लाल वस्त्रं घेतली आणि गोम्पात, म्हणजे गावच्या मठात, येऊन राहिले. गावचं तळं गोठलं की पोरांना खेळ शिकवायचा, तेवढी एक माया मात्र त्यांना सुटली नाही. रिंचेनला पहिल्यांदा गोलात उभं केलं ते त्यांनीच.

आता रिंचेन देशाच्या संघाच्या शिबिराला निघाला होता. सकाळी गाडी होती. घर सोडण्याआधी गुरूनं गळ्यात पांढरा शेला घालायचा, ही रीत. शेला मेमेंच्या मांडीशेजारी घडी करून ठेवलेला होता. मेमे काही त्याला हात लावत नव्हते.

“शंभरात चौऱ्याण्णव, मेमे. माझ्यावर शंभर फटके आले तर चौऱ्याण्णव मी अडवतो. निवड समितीच्या आकडेवाल्यानं सगळे सामने बघून काढलंय. अख्ख्या लडाखात एवढं कुणाचं नाही.”

“बरं.”

“तुमच्या वेळी कुणी मोजत नसे.”

“नसे.”

आता यावर काय बोलायचं? भांडायला तरी समोरच्यानं थोडी हरकत घ्यावी लागते. म्हातारा नुसता अक्रोड फोडत होता.

“आणि नुरबू?” मेमेंनी विचारलं.

रिंचेनचा चेहरा पडला. याच प्रश्नाला तो भीत होता आणि याच प्रश्नासाठी एवढा चढ चढून आला होता.

नुरबू त्याच्या संघाचा बचावपटू, आणि बर्फावर चालायला लागल्यापासूनचा जिवाचा मित्र. शेवटच्या सामन्यात चकती, म्हणजे या खेळातला चेंडूच, गोलवर आली, ती रिंचेननं पायानं बाहेर ढकलली. समोरच्यानं पुन्हा मारली, यानं पुन्हा ढकलली. तिसऱ्यांदा तेच. चौथ्या फटक्याला नुरबूनं स्वतःला आडवं झोकून दिलं. त्या झटापटीत कुणाची तरी काठी त्याच्या जुन्या हेल्मेटच्या तुटक्या जाळीतून आत घुसली.

गोल झाला नाही. सामना जिंकला. नुरबूचा डावा डोळा गेला.

तेव्हापासून रिंचेन त्याच्या घरावरून जात नव्हता. ओढ्याकडची लांबची वाट धरायचा आणि आईला सांगायचा, पायांना व्यायाम होतो.

“त्या तिन्ही मी अडवल्या होत्या,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला. “आकडेवाल्यानं तिन्ही माझ्या नावावर धरल्यात. चौथी माझ्यापर्यंत आलीच नाही. मग माझा दोष कुठे? तुम्ही एकदा तोंडानं म्हणा, मेमे. मी मोकळ्या मनानं जाईन...”

मेमेंनी एक अक्रोड उचलला आणि सरळ त्याच्या तोंडावर फेकला.

रिंचेनचा हात आपोआप वर आला. अक्रोड तळव्यावर आपटून गडगडत मेमेंच्या गुडघ्याशी गेला. मेमेंनी तो उचलून पुन्हा फेकला, या खेपेला जोरात. पुन्हा तळवा, पुन्हा गडगड.

“मेमे, हे काय...”

तिसऱ्यांदा आला तेव्हा रिंचेननं चिडून फाडकन उडवला. तो मेमेंच्या गालफडावर, डोळ्याच्या खाली लागला. म्हातारी कातडी ती. बारीक रक्त आलं.

मेमेंनी ते पुसलं नाही.

“किती अडवलेस?”

“तीन,” रिंचेनच्या तोंडून निघून गेलं. जित्याची खोड.

“मी तर एकच फेकला होता.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. रिंचेन त्या रक्ताकडे बघत राहिला.

“मी काय शिकवलं होतं तुला?”

“धरायचं...” रिंचेन म्हणाला. “चकती आली की हातमोज्यात धरायची, नाहीतर अंगाखाली दाबायची. मग शिट्टी होते. खेळ थांबतो.”

“येत नाही धरता?”

“येतं.”

“मग?”

“धरली की एकच मोजतात, मेमे.” त्याचा आवाज आता इतका खाली गेला होता की मेमेंना पुढे वाकावं लागलं. “ढकलली की परत येते. परत अडवली की दोन होतात. तीन होतात, आकडा चढत जातो...”

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही. सांगून झालं आणि त्याला रडू फुटलं. चांगला वाढलेला गडी, पण पोरासारखा रडला, आणि मेमेंनी त्याला रडू दिलं. समजूत घालण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यानं बाहीनं नाक पुसलं.

“म्हणजे माझा आकडा खोटा.”

“आकडा खरा आहे.”

“मग मी काय करू, मेमे?”

मेमेंनी शेला उचलला. रिंचेननं मान वाकवली. पण शेला गळ्यात पडला नाही, मेमेंनी तो घडीसकट त्याच्या हातावर ठेवला.

“नुरबूकडे जा. त्याला तुझा आकडा कसा झाला ते सांग. शेला घालायचा की नाही, ते तो ठरवेल. आणि हे बघ, त्याच्या उजव्या अंगाला बस... डावीकडे कोण बसलंय, ते त्याला आता दिसत नाही.”