ओरखडा नसलेलं मैदान

नदीपलीकडच्या एका गावात दत्तूअण्णा नावाचा एक सुतार होता. हात असा, की त्याने केलेल्या पाटावर जेवायला बसलेला माणूस उठताना पाटावरून एकदा हात फिरवूनच उठायचा. गावातले निम्मे पाळणे त्याचे आणि शाळेतले झाडून सगळे बाक त्याचे. स्वभावाने देवमाणूस. खोड एकच. आपण केलेल्या वस्तूला कुणी जरा जोरात टेकलं, तरी त्याच्या पोटात कळ यायची.

त्या गावच्या शाळेला नवंच वेड लागलं होतं. मुलांनी रोबो बनवला होता. त्याला चार चाकं होती आणि पुढे दोन नांग्या, म्हणून मुलं त्याला खेकडा म्हणत. जिल्ह्याला अशा रोबोंची स्पर्धा होती. लाकडी मैदानावर चेंडू उचलायचे, उंच चढ चढायचा आणि वरच्या टोपलीत चेंडू टाकायचे. मुलांची पुढारी होती कावेरी. ती दहावीत होती. म्हणजे तिची ही पहिली स्पर्धा आणि शेवटचीही.

शाळेच्या शेवाळेबाई अण्णाकडे आल्या. म्हणाल्या, "अण्णा, सरावाला अगदी तसंच मैदान हवंय. करून द्याल?"

"देईन म्हंजे? असं देईन, की जिल्ह्याचं मैदान लाजलं पाहिजे!"

आणि दिलं की हो! प्लायवूडचा भला मोठा चौरस, भोवती सागवानी काठ, मधे चढ, चढाच्या माथ्यावर टोपली. कडा अशा घासल्या, की तान्ह्या बाळाला खेळायला सोडावं. वर पॉलिशही मारलं. आता सरावाच्या मैदानाला पॉलिश कुणी सांगितलं होतं? पण हौसेला मोल नसतं.

मैदान शाळेत मांडून त्याला हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला, तोही लांब पायरीवर. मग कावेरीने खेकडा सोडला. तो घरघरत चढावर निघाला, निम्म्यात पोचला, नांग्या वर केल्या आणि मागच्या मागे कलंडला. घसरत खाली आला तो नांगीने पॉलिशवर लांबलचक ओरखडा काढतच.

कावेरीने टाळी वाजवली. "सापडलं! हा मागे जड होतोय. वजन कुठं बसवायचं ते रोज इथं करून बघू."

अण्णा मात्र ओरखड्यावर अंगठा घासू लागला. "रोज? अगं पोरी, दमानं घे. पावणे येणार हायेत बघायला. तेवढं होऊ दे, मग मैदान तुमचंच."

मुलं घरी गेल्यावर त्याने ओरखडा घासून काढला, पुन्हा पॉलिश मारलं आणि वर बायकोची ठेवणीतली चादर पसरली.

पाहुणे आले. मैदानाशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढले, अण्णाला शाल दिली. त्यांचं ऐकून शेजारच्या गावचे आले. मग कुणाचे मामा आले, कुणाचे जावई आले. दरवेळी चादर निघायची, वाहवा व्हायची आणि चादर परत पडायची. आपल्याकडे असंच असतं. चांगले कप पाहुण्यांना आणि घरच्यांना कान तुटलेले!

मुलं व्हरांड्यात फरशीवर खडूने मैदान आखून सराव करू लागली. फळीखाली विटा लावून चढ केला. विटा सरकायच्या आणि चढ रोज वेगळाच व्हायचा. कावेरी अण्णाकडे जायची. "अण्णा, एक तासभर द्या ना. खेकडा अजून कलंडतोय."

"चढ काय पळून चाललाय व्हय? स्पर्धेच्या आधी देतो की."

शेवाळेबाईंना सगळं दिसत होतं. पण त्या कावेरीलाच म्हणाल्या, "जाऊ दे गं. एवढ्या प्रेमाने केलंय त्यांनी. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडायचं?" तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. मन कुणाचंच मोडलं नाही आणि सरावही झाला नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी अण्णाने स्वतःच्या हाताने चादर काढली. वरातीमागून घोडं! खेकडा चढावर कलंडला. वजन पुढे घेतलं, तर पुढे तोंडावर आपटला. मधली जागा सापडायच्या आतच शाळेचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला. मुलं सामान चढवेपर्यंत अण्णाने चढावरचे नवे ओरखडेही घासून काढले.

अण्णाही हौसेने स्पर्धेला गेला. तिथलं मैदान बघून त्याने कपाळाला हात लावला. टवके उडालेले, चाकांचे काळे डाग, जागोजागी चिकटपट्टी. "काय ही दशा," तो पुटपुटला. त्याच मैदानावर दुसऱ्या गावांची पोरं आपापले रोबो सरसर वर चढवत होती.

कावेरीची पाळी आली. खेकड्याने चेंडू उचलले, चढावर निघाला, निम्म्यात पोचला, नांग्या वर केल्या आणि मागच्या मागे कलंडला. पहिल्या दिवशी कलंडला होता, अगदी तसाच. ती त्याला उचलायला धावली, तोवर शिट्टी वाजली.

परतताना गाव आल्यावर कावेरी टेम्पोतून उतरली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, मैदान खरंच फार सुंदर झालं होतं. जाताना चादर घालून ठेवा, धूळ बसेल." टोमणा असता तर अण्णाने हसून झेलला असता. पण पोरगी मनापासून बोलत होती, आणि तेच त्याला सोसलं नाही.

उन्हाळ्यात कावेरी पुढच्या शिक्षणाला शहरात गेली. अण्णा शाळेत आला, चादर ओढून काढली आणि चढापाशी बसला. पहिल्या दिवशीचा तिच्या खेकड्याचा ओरखडा शोधत तो कितीतरी वेळ चढावरून हात फिरवत राहिला. चढ गुळगुळीत होता. एवढ्या मोठ्या मैदानावर त्या पोरीची एक खूण उरली नव्हती, कारण होती ती त्यानेच घासून काढली होती.

तात्पर्य: वस्तू ज्याच्यासाठी केली, त्याला ती मनसोक्त वापरू द्यावी. जपून ठेवलेली वस्तू शिल्लक राहते, पण वापरणाऱ्याची वेळ तिच्यासाठी थांबत नाही.