ऐन शेवटच्या षटकात

घरोघरी टीव्ही नवे होते, त्या काळची गोष्ट. केरूनानांच्या घरी टीव्हीखाली स्टॅबिलायझर बसे. विजेचा दाब फार वाढला की तो वीज तोडी.

एकदा क्रिकेटच्या सामन्यात, शेवटच्या षटकात, त्याने टक् करून वीज तोडली.

“अरे करंट्या, आत्ताच?” टीव्ही ओरडला.

“दाब वाढलाय. जळशील.”

“भित्रा कुठला! नाना, याला भंगारात घाला. मला सरळ भिंतीला जोडा.”

चिडलेले नाना वायर उपटायला वाकले. तोच शेजारच्या घरात फाट् आवाज झाला. हणमंताचा टीव्ही सरळ भिंतीला जोडलेला होता. त्यातून धूर निघत होता.

नानांनी वायर सोडली.

जरा वेळाने टीव्ही हळूच म्हणाला, “दादा, कोण जिंकलं असेल हो?”

स्टॅबिलायझर म्हणाला, “हणमंताच्या टीव्हीला विचार.”