कुलगुरूंचा स्मरणकाढा

राजा मानधवलाने दवंडी पिटवली, की येत्या पौर्णिमेपासून राज्यातल्या प्रत्येक मुलाने विद्यापीठाचा स्मरणकाढा प्यायचा. मूल लपवलं तर आईबापांना तुरुंग.

काढा शोधला होता विद्यापीठाच्या कुलगुरूंनी, आचार्य त्रिलोचनांनी. तो घेतला की विसरलेलं सगळं आठवतं, असं त्यांनी प्रयोगाने सिद्ध केलं होतं. प्रयोग झाला होता बुरूडआळीतल्या मुलांवर. खाऊ देतो म्हणून बोलावलं आणि काढा पाजला. त्यातलीच एक चिमी. ती पोट धरून घरी आली आणि कितीतरी दिवस तिच्या पोटात पाणी ठरलं नाही. मुलगी उठून बसली तशी तिच्या आईने, गोजराने, टोपलीच्या कामट्या खाली ठेवल्या आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, हा काढा मुलांना पाजू नका. माझी पोर मरता मरता वाचली."

राजाने आचार्यांकडे पाहिलं. आचार्य शांतपणे म्हणाले, "ज्या मुलांचा विचार केला, त्या सगळ्यांना गुण आला, महाराज."

"आणि ओकली ती मुलं?" गोजराने विचारलं.

"ती ओकल्यामुळे प्रयोगात धरली नाहीत."

दरबारातल्या पंडितांनी माना डोलावल्या. राजाला काहीतरी खटकलं, पण दवंडी देऊन झाली होती आणि दिलेली दवंडी परत घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"बाई, काढा खोटा आहे हे आत्ता, इथेच सिद्ध कर," तो म्हणाला. "पण आचार्यांना खोटं म्हणायचं नाही. आमच्या दरबारात विद्वानाचा अपमान चालत नाही. साक्षीदारही आणायचा नाही. नाही जमलं, तर पौर्णिमेची पहिली वाटी तुझ्या मुलीला."

साक्षीदार नाही, खोटं म्हणायचं नाही, मग बोलायचं तरी काय? गोजराने आचार्यांकडे पाहिलं. ते शाल सावरत होते.

"आचार्य, आपण स्वतः घेता का हा काढा?"

"म्हणजे काय? रोज सकाळी. आजही घेतला."

"मग आपल्याला सगळं आठवत असेल."

"बालपणापासूनचं."

"आम्ही अडाणी माणसं, पण आपल्या ग्रंथाचं नाव आमच्या आळीतही ऐकलंय. 'मेधाकल्लोळ'. त्यावरच आपण कुलगुरू झालात म्हणे."

"खरं आहे," आचार्य प्रसन्न झाले.

"त्यातलं एक पान म्हणून दाखवा. कुठलंही चालेल."

आचार्यांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. मग "आरंभी... आरंभी..." असं म्हणून ते छताकडे बघू लागले. मागे उभे असलेले त्यांचे विद्यार्थी एकमेकांची नजर चुकवू लागले.

"ग्रंथ लिहून बरीच वर्षं झाली," आचार्य शेवटी म्हणाले.

"म्हणजे विसरलात. विसरलेलं आठवायलाच तर काढा आहे ना?"

राजा पुढे सरकून बसला. "बाई, तुला म्हणायचंय काय?"

"मी काही म्हणत नाही, महाराज. ग्रंथ दुसऱ्या कोणी लिहिला असेल, तर तो आचार्यांना आठवायचा कसा? मग काढ्याला दोष नाही. आणि ग्रंथ आचार्यांचाच असेल, तर मग काढ्यात दम नाही. दोन्हीतलं खरं काय, ते त्यांनीच सांगावं. त्यांचा शब्द मला मान्य आहे."

आचार्यांनी एकदा कुलगुरूच्या आसनाचा विचार केला, एकदा काढ्याचा. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ग्रंथ माझाच आहे. काढ्यात... अजून थोडं काम बाकी असावं."

राजा हसला. आधी मिशीतल्या मिशीत, मग इतका की मुकुट हाताने धरावा लागला.

"दवंडी रद्द. ग्रंथ कोणाचा, ते आम्ही या विद्यार्थ्यांना एकेकटं बोलावून विचारू. आणि आजपासून विद्यापीठात कोणालाही काही पाजायचं असेल, तर आधी गोजराबाईला सगळं समजावून सांगायचं. ओकणाऱ्यांसकट. ती आणि मुलाची आई दोघी हो म्हणाल्या, तरच पुढे जायचं. त्यासाठी तिला विद्यापीठात मानाची जागा आणि वर्षाचं धान्य मिळेल. बाई, आणखी काही हवं?"

"उरलेला काढा द्या, महाराज."

"तो कशाला?"

"ओतून टाकायला. तांब्याचे दोन मोठे हंडे भरून ठेवलाय म्हणतात."

राजाला पुन्हा हसू आवरेना. "दिला. काढा ओत आणि हंडे घरी ने."